टू-व्हीलर शोरूमची डीलरशिप घ्यावी का? (संगमनेर पट्टा) अनुभवी लोकांनी सांगा

प्रवरा_काठ:

नमस्कार मंडळी. मी मूळचा संगमनेरचा, सध्या चाकणला एका ऑटो पार्ट कंपनीत क्वालिटीला आहे, पगार बरा आहे पण रोजचं ट्रॅफिक आणि शिफ्टचा वैताग आलाय आता. घरी कृषी सेवा केंद्र आहे, ते मोठा भाऊ बघतो. नाशिक-पुणे रोडला लागून आमची जागा आहे, त्यातली पाच गुंठे एनए झालेली.

तर झालंय असं की एका मोठ्या मोटारसायकल कंपनीची आमच्या पट्ट्यासाठी डीलर नेमायची जाहिरात आली, मी सहज म्हणून ऑनलाइन फॉर्म भरून टाकला, आणि महिन्याच्या आत त्यांचे एरिया मॅनेजर जागा बघून पण गेले. जागा पसंत आहे म्हणतात, एलओआय (डीलरशिप द्यायची तयारी असल्याचं पत्र) द्यायला तयार आहेत. (कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, उगाच इथे ब्रँडवरून भांडण नको.)

त्यांचं म्हणणं शोरूम, वर्कशॉप, स्पेअर तिन्ही पाहिजे. बांधकाम, फर्निचर, टूल, डिपॉझिट आणि पहिला स्टॉक धरून दीड कोटीच्या आसपास जातंय. आमचे घरचे पन्नास-साठ लाख उभे राहतील, बाकी बँक. मॅनेजर म्हणतो महिन्याला ८० गाड्या आरामात जातील.

वडील एकदम खूश, तालुक्यात शोरूमवाले म्हटलं की वजन असतं हे त्यांचं गणित. बायको म्हणते नोकरी सोडायच्या आधी जो हे करतोय त्याला विचार. म्हणून इथे विचारतोय. गाडीमागे खरं सुटतं किती? आणि बाकीच्या शेतजमिनीवर बोजा चढवून हे करावं का?

---

किकस्टार्ट:

मी दोन वेगवेगळ्या टू-व्हीलर कंपन्यांत टेरिटरी मॅनेजर होतो, आता त्या लाइनमध्ये नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

पहिला प्रश्न, तुमच्या आधी तिथे कोण होतं? संगमनेरसारख्या जुन्या बाजारात मोठ्या कंपनीचा डीलर आजवर नव्हताच असं होत नाही. म्हणजे एक तर जुना सोडून गेला, नाहीतर कंपनीने काढला, नाहीतर तो अजून आहे आणि त्याचाच एरिया तोडून तुम्हाला देतायत. तिन्हीचा अर्थ वेगळा आहे. जुना माणूस शोधा, त्याच्याकडे चहाला जा. मॅनेजर याबद्दल गोड गोड काहीतरी सांगेल, तो ऐकून घ्या आणि सोडून द्या.

दुसरं, ८० हा आकडा कुठून आला ते तपासायला कुणाला विचारायची पण गरज नाही. परिवहन खात्याचा वाहन डॅशबोर्ड नेटवर सगळ्यांना खुला आहे. महाराष्ट्र निवडा, मग श्रीरामपूरचं एमएच १७ ऑफिस, मग कंपनीप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे रजिस्ट्रेशन काढा, गेल्या तीन-चार वर्षांचं. त्यात संगमनेर, कोपरगाव, राहाता सगळं एकत्र येतं, त्यामुळे तुमच्या वाट्याचा भाग अंदाजानेच काढावा लागेल, पण त्या ब्रँडच्या पूर्ण आरटीओत जर महिन्याला दीडशे गाड्या लागत असतील आणि आसपास अजून दोन डीलर बसलेले असतील तर तुमच्या ८० कुठून येणार ते तुम्हीच बघा. आणि हो, फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबर बघून हुरळून जाऊ नका. जून-जुलै बघा, पितृपक्ष बघा. त्या पंधरवड्यात आपल्याकडे गाडी सोडा, लोक आरसा बदलायला येत नाहीत.

आता आतली गोष्ट. मॅनेजरचं टार्गेट म्हणजे कंपनीने तुम्हाला किती गाड्या बिल केल्या. गिऱ्हाईकाने किती घेतल्या हे नंतर. कंपनीच्या दृष्टीने गाडी तुमच्या नावावर बिल झाली की विकली गेली, पुढचं सगळं तुमचं. मी स्वतः महिनाअखेरीला लोकांना फोन करून गाड्या उचलायला लावल्यात, नोकरीच ती होती. डीलरांची संघटना आहे ना फाडा, ती किती दिवस ओरडतेय की स्टॉक २१ दिवसांच्या वर नको, पण त्याच संघटनेचे दर महिन्याचे आकडे काढून बघा, स्टॉक त्याच्या खूप वर असतो.

---

वर्कशॉपवाली:

किकस्टार्ट यांनी लिहिलंय ते अगदी खरं. आमचं लातूरकडे सासऱ्यांचं शोरूम आहे, अकाउंट आणि वर्कशॉप मी बघते.

महिनाअखेर म्हणजे काय ते सांगते. तीस तारीख, संध्याकाळचे सात, आम्ही दिवसाचा कॅश टॅली करत बसलेलो, तेवढ्यात फोन. "सर फक्त चाळीस गाड्या, स्कीममध्ये बसवून देतो." नाही म्हटलं तर पुढच्या महिन्यात जे मॉडेल चालतंय ते मिळत नाही, हे कुणी बोलून दाखवत नाही पण कळतं. मग कंटेनर येतो रात्री अकराला, कारण दिवसा आमच्या रोडवर उभा करता येत नाही. पोरं फळ्या लावून एक एक गाडी उतरवतात. बघावं तर निम्म्या गाड्या त्या राखाडी रंगाच्या ड्रम ब्रेकवाल्या. आमच्याकडे गिऱ्हाईक काळी नाहीतर लाल मागतं, ते पण डिस्क. मग त्या राखाडी गाड्या गोडाऊनमध्ये बसतात, तीन महिन्यांनी बॅटऱ्या उतरतात, त्या चार्ज करायच्या, टायरमधली हवा बघायची, टाकीला डाग पडला तर तो पण आपल्याच माथी. शेवटी दोन-तीन हजार तोडून काढायच्या. व्याज तोवर चालूच.

म्हणून गाडीमागे किती सुटतं हा प्रश्नच थोडा बाजूला ठेवा दादा. गाडीवरचं मार्जिन सूट, नंबर प्लेटपासून पेट्रोलपर्यंतचा किरकोळ खर्च, सेल्समनचं इन्सेन्टिव्ह यातच विरतं. आमचं घर चालतं ते वर्कशॉप, ऑइल, स्पेअर, इन्शुरन्स आणि फायनान्सच्या पेआउटवर. सासरे नेहमी बघतात ते एवढंच, की शोरूमचे पगार, लाइट आणि भाडं वर्कशॉप-स्पेअरच्या कमाईतून निघतं का. निघत असेल तर मंदीत पण माणूस तग धरतो. नसेल निघत तर प्रत्येक स्लॅक महिना घरातून भरायचा.

आणि वर्कशॉप उभं राहायला वेळ लागतो हे कुणी सांगत नाही. आज विकलेली गाडी पहिल्या वर्षी फ्री सर्व्हिसला येते, त्याची मजुरी कंपनी देते पण क्लेम करून आणि त्यांच्या रेटने. पैसे देऊन सर्व्हिस करणारं गिऱ्हाईक त्यानंतरचं, आणि तोपर्यंत त्यातले कितीतरी जण चौकातल्या मेकॅनिककडे गेलेले असतात. तो मेकॅनिक बऱ्याचदा आपल्याकडेच शिकून गेलेला असतो! पोराला दोन वर्षं शिकवा, कंपनीच्या ट्रेनिंगला पाठवा, हात बसला की स्वतःचं गॅरेज टाकतो. राग येतो पण त्याचंही चूक नाही.

पहिली दोन वर्षं घरात पैसे आणायची अपेक्षा ठेवू नका. वहिनी नोकरी करत असतील तर त्यांची नोकरी अजिबात सोडायला लावू नका.

---

हिशोबवही:

सीए आहे, दोन-तीन डीलरांची कामं बघतो, तेवढ्यापुरतं लिहितो.

व्याजाचं गणित मांडून बघू. समजा महिन्याला ८० गाड्या आणि एक गाडी तुम्हाला सरासरी ८५,००० ला पडते. स्टॉक २१ दिवसांचा ठेवला तर ५६ गाड्या, म्हणजे ४७ लाख ६० हजार अडकले. तोच ४५ दिवसांचा झाला तर १२० गाड्या, १ कोटी २ लाख. साडेदहा टक्क्यांनी महिन्याचं व्याज पहिल्यात साधारण ४१,६०० आणि दुसऱ्यात ८९,२००. फरक जवळपास साडेसत्तेचाळीस हजार, म्हणजे विकलेल्या प्रत्येक गाडीमागे सहाशे रुपये नुसते गोडाऊनमध्ये गेले. आणि हे ८० विकल्या तर. ५० विकल्या आणि बिलिंग ८० चं झालं तर काय होईल ते कागदावर करून बघा, मी लिहीत नाही.

तुमच्या दीड कोटीत चालू भांडवल किती धरलंय? बऱ्याच वेळा लोक बांधकाम, काच, लाइट यात सगळा पैसा घालतात (टाइल्सपासून बोर्डापर्यंत कंपनीने ठरवून दिलेल्या व्हेंडरकडूनच घ्यावं लागतं) आणि मग स्टॉकसाठी पूर्ण बँकेवर. स्कीमचं पण तसंच, सूट आज तुमच्या खिशातून जाते, कंपनीची क्रेडिट नोट (त्याची भरपाई) नंतर येते, कधी येते ते क्लेमच्या कागदांवर अवलंबून. फायनान्सवाल्याचं पेमेंट पण एक-दोन दिवस मागेपुढे. हे सगळं मिळून रोजची तंगी असते, ताळेबंदात नफा दिसत असताना सुद्धा.

जागा घरची आहे म्हणून भाडं शून्य धरू नका. हायवेला लागून पाच गुंठे आज कुणाला भाड्याने दिली तर काय येईल ते शोरूमच्या खर्चात टाका. तेवढं टाकल्यावरही काही उरत असेल तर धंदा आहे, नाहीतर तुम्ही जागेचं भाडंच नफा म्हणून खाताय आणि वर बारा तास राबताय. वडिलांच्या नावावर जागा असेल तर रीतसर नोंदणीकृत भाडेकरार करा, बँक पण मागते आणि पुढे भावाभावांत पण बरं असतं.

शेतजमीन तारण ठेवू नका. माझं याबाबतीत दुमत नाही. चालू भांडवलाचं कर्ज स्टॉकवर मिळतं, पण बँक वैयक्तिक हमी घेतेच, तेव्हा भाऊ हमीदार होणार असेल तर त्याला ते काय आहे ते नीट समजावून सांगा.

करार वाचा. इंग्रजीत असेल, लांबलचक असेल, तरी वाचा किंवा वकिलाला द्या. मुदत किती, दोन्ही बाजूंना नोटीस किती दिवसांची, करार संपला तर उरलेल्या गाड्या आणि स्पेअर कंपनी परत घेणार का आणि कुठल्या भावाने, एरिया फक्त तुमचाच की उद्या घारगावला अजून एक देता येतो, भांडण झालं तर लवाद कुठे. लवाद बहुधा कंपनीच्या हेड ऑफिसच्या गावी असतो. ते पुण्यात असेल तर तुम्हाला जवळ आहे, पण गुरुग्राम किंवा चेन्नईला तारखा करायच्या असतील तर ते वेगळंच.

आणि हे काल्पनिक नाही. हार्ले-डेव्हिडसनने सप्टेंबर २०२० मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, पुढच्या महिन्यात हिरोशी करार करून ब्रँड राहिला, पण लाखो-करोडो घालून शोरूम बांधलेल्या डीलरांची झोप उडायची ती उडालीच. चारचाकीत जनरल मोटर्सने २०१७ ला आणि फोर्डने २०२१ ला हेच केलं. डीलरांना संरक्षण देणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही, संघटना मागणी करतेय. तोवर करारात जे लिहिलंय तेवढंच तुमचं.

सरकारी धक्के पण धरून चाला. २०१७ ला सुप्रीम कोर्टाने २९ मार्चला सांगितलं की १ एप्रिलपासून बीएस-३ (जुन्या प्रदूषण निकषांची) गाडी विकायची नाही. देशात त्या वेळी सव्वाआठ लाखांच्या आसपास बीएस-३ गाड्या पडून होत्या, बहुतेक टू-व्हीलरच. दोन दिवसांत काय झुंबड उडाली आणि किती सूट दिली गेली ते तुम्हालाही आठवत असेल. २०२० ला बीएस-६ च्या वेळी तर नेमका लॉकडाऊन.

---

बालाघाट:

वरचं सगळं वाचून मला वाटायला लागलं की या देशात डीलर सगळे रस्त्यावर आलेत. अहो मग नव्या शोरूमची उद्घाटनं रोज कोण करतंय?

मी बीड जिल्ह्यात सब-डीलर आहे, मोठ्या डीलरकडून गाड्या आणतो आणि विकतो. माझा अनुभव उलटा आहे. सब-डीलरला काही नाही, ना एरियाचा हक्क, ना कंपनीशी करार, मेन डीलरला वाटलं तर उद्या बंद. दसऱ्याला चालणारं मॉडेल तो आधी स्वतःच्या काउंटरला ठेवणार, आपल्याला उरलंसुरलं. इन्शुरन्स आणि फायनान्सचं कमिशन पण बहुतेक त्याच्याकडे. मला जर तुमच्यासारखी हायवेची जागा आणि एलओआय आला असता तर मी दुसऱ्या दिवशी पेढे वाटले असते.

आता २०२५ चंच घ्या. १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार म्हणून घोषणा झाली आणि गिऱ्हाईक गायबच झालं. गणपतीत कुणी नाही, मग पितृपक्ष. पोरं शोरूमात माशा मारत होती, मेन डीलर डोक्याला हात लावून बसलेला. २२ सप्टेंबरला घटस्थापना आणि त्याच दिवसापासून ३५० सीसीपर्यंत २८ चा जीएसटी १८ झाला. नंतर जे लोक आले ते आले, दिवाळीपर्यंत गाडी द्यायला पुरत नव्हती. ज्याच्याकडे स्टॉक होता त्याने कमावलं. तेव्हा स्टॉक म्हणजे नुसतं व्याज असं नसतं साहेब, कधी कधी तोच कामाला येतो.

तुमच्याकडे दूध आहे, ऊस आहे, कांदा आहे, डाळिंब आहे. आमच्यासारखं एका सोयाबीनवर नाही. दूधवाल्याच्या हातात दर दहा दिवसांनी पैसा असतो, त्याला हप्ता भरायला अडचण नाही. हे मोठं बळ आहे, हे वर कुणी बोललं नाही.

---

हिशोबवही:

बालाघाट, मुद्दा मान्य, दुधाचा तर शंभर टक्के. पण त्या सप्टेंबरची दुसरी बाजू, २८ टक्क्यांनी घेतलेल्या गाड्या १८ ने विकल्यावर जास्तीचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) लेजरमध्ये पडून राहतं, रोख परत मिळत नाही, पुढच्या महिन्यांत वापरत बसायचं. आणि ज्यांच्याकडे ३५० सीसीच्या वरच्या गाड्या होत्या त्यांचा कर उलट ४० झाला, सेसचं (आधीच्या जादा उपकराचं) क्रेडिट अडकलं ते वेगळंच. तेव्हा कंपनी कुठल्या सीसीत जास्त विकते ते पण बघायचं.

बाकी टार्गेट पूर्ण केलं की कंपनी डीलरला फुकट नेते त्या थायलंडच्या ट्रिपा मॅनेजर ऐकवत असेल तर जुलै २०२२ पासून त्यावर १० टक्के टीडीएस लागतो. फुकट काही नाही.

---

प्रवरा_काठ:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री जेवण झाल्यावर भाऊ आणि मी डॅशबोर्ड उघडून बसलो. ८० नाही निघत. सणाचे दोन महिने सोडले तर आमच्या भागाच्या वाट्याला ओढूनताणून ४५-५० येतात, ते पण शेजारचा डीलर काही घेत नाही असं धरून.

जुन्या डीलरचा पण पत्ता लागला, वडिलांच्या ओळखीतूनच. दोन वर्षांपूर्वी सोडलंय त्यांनी. फार बोलले नाहीत, एवढंच म्हणाले की शोरूम बंद केलं पण वर्कशॉप चालू ठेवलंय, आता मल्टिब्रँड, आणि तेच चांगलं चाललंय. स्टॉकचं काय झालं विचारलं तर नुसते हसले.

वडील थोडे नाराज आहेत. मी अजून नाही म्हटलेलं नाही. ५० गाड्यांवर बसेल असा छोटा सेटअप कंपनी देते का? आणि एलओआयवर सही करायच्या आधी काय काय लेखी घ्यावं?

---

किकस्टार्ट:

देतात. काही कंपन्यांनी लहान गावांसाठी छोटे फॉरमॅट काढलेत, रॉयल एनफिल्डचे स्टुडिओ स्टोअर तुम्ही बघितले असतील. मॅनेजरला सरळ सांगा की माझ्याकडे वाहनचा डेटा आहे, ५० च्या हिशोबाने शोरूमचा साइज द्या. डेटा समोर ठेवला की माणूस बदलतो, एरवी त्यांना विचारणारं कुणी भेटत नाही. उलट मोठंच बांधा म्हणून अडून बसला तर समजा त्याला फक्त या तिमाहीत एक उद्घाटन दाखवायचंय.

लेखी घ्यायचं ते, पहिल्या सहा महिन्यांचं बिलिंग किती हे मॉडेलप्रमाणे, एरियाची हद्द गावांच्या नावासकट, पडून राहिलेल्या गाड्यांचं काय, आणि जुन्या डीलरची गिऱ्हाइकांची यादी सर्व्हिससाठी तुम्हाला मिळणार का. शेवटचं फार महत्त्वाचं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत विकलेल्या त्या ब्रँडच्या गाड्या गावात फिरतायतच, त्या वर्कशॉपला आल्या तर तुमचं पहिलं वर्ष निघतं. नाहीतर त्या जुन्या शेठकडेच जात राहतील. मेलवर घ्या हां, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या "हो सर"ला काही किंमत नाही, मॅनेजरची बदली झाली की नवीन माणूस म्हणतो मला माहीत नाही.

ट्रेड सर्टिफिकेट (रजिस्ट्रेशन न झालेल्या गाड्या बाळगायला डीलरला मिळणारा आरटीओचा परवाना) हातात आल्याशिवाय गाडी रोडवर काढू नका, टेस्ट राइडला पण नाही. आता पाच वर्षांसाठी मिळतं ते, पूर्वीसारखं दरवर्षी नाही. परिवहन खातं ज्यांच्याकडे नाही त्यांच्या शोरूमवर कारवाई करतंय.

---

बालाघाट:

त्या जुन्या शेठलाच पार्टनर घ्या की! वर्कशॉप त्यांचं, शोरूम तुमचं. कंपनी चालवून घेईल का ते किकस्टार्ट सांगतील.

---

किकस्टार्ट:

शोरूम आणि वर्कशॉप वेगळ्या जागी चालतं, पण मल्टिब्रँड वर्कशॉपला कंपनीचा बोर्ड मिळणार नाही. त्यांना दुसऱ्या गाड्या बंद कराव्या लागतील, आणि त्यांचं तेच चांगलं चाललंय म्हणतात ना. विचारून बघायला हरकत नाही.

---

वर्कशॉपवाली:

दादा, बांधायचंच ठरलं तर वर्कशॉप शोरूमच्या मागे नको, बाजूला काढा, रोडवरून रॅम्प दिसला पाहिजे. गिऱ्हाईक गाडी घेऊन सरळ आत आलं पाहिजे, मागे वळसा घालायला लावला की चौकातला मेकॅनिक बरा वाटतो. आणि वॉशिंगचं पाणी कुठे सोडणार ते आधी बघा, ऑइलमिश्रित पाणी शेजारच्या शेतात गेलं की तिथून भांडण सुरू. आमच्याकडे त्यासाठी वेगळी टाकी आणि ऑइल सेपरेटर नंतर बसवायला लागला, आधीच फरशी करताना केलं असतं तर निम्म्यात झालं असतं असं कॉन्ट्रॅक्टर म्हणाला.